पेजेची निवळ

१

कमळच्या पंगतीला बसलेला माणूस "बास" म्हणाला की हमखास आणखी एक डाव भात त्याच्या ताटात पडायचा. ताटावर हात आडवा धरला तर ही बाई बोटांच्या फटीतून वाढणार. नाहूरच्या त्या इमारतीत कुरिअरवाला, गॅसवाला, लिफ्ट दुरुस्त करणारा, कोणी म्हणून तिच्या दारातून उपाशी गेला नाही. सून रुचिरा चेष्टा करायची, "आई, तुमच्याकडे चोर आला ना, तरी आधी जेवून जाईल." कमळला त्यात काही लागत नसे. उलट बरंच वाटायचं.

तिचं काही चालायचं नाही ते एका माणसापुढे. तिचे सासरे सहदेव राणे. घरात सगळे त्यांना आबा म्हणायचे. यंदा नव्याण्णव. कान शाबूत, दात गेलेले, बोली अजून अस्सल मालवणी. तरुणपणी पलटणीत लांगरी, म्हणजे स्वयंपाकी होते. लढाईच्या शेवटी थेट जावा बेटापर्यंत जाऊन आले. मग तीस वर्षं गिरणीत. पण लष्करातून परतल्यावर त्यांनी चुलीला हात लावला नाही. कोणाच्या लग्नात वाढायला उभे राहिले नाहीत. कमळनं पाहुण्यांना आग्रह सुरू केला की उठून बाहेर जायचे. जेवायचे ते एकटे, पाटावर, भिंतीकडे तोंड करून. म्हातारा तऱ्हेवाईक आहे, एवढं म्हणून घरानं विषय सोडून दिला होता.

सासूबाई होत्या तेव्हा रोज दुपारी पेजेची निवळ, म्हणजे उकड्या तांदळाच्या पेजेवरचं नुसतं पाणी, वाटीभर खिडकीत ठेवायच्या. कावळ्याला, म्हणायच्या. त्या गेल्यावर कमळनं ते चालू ठेवलं. मग जुनी चाळ पाडली, टॉवर उभा राहिला, सहाव्या मजल्यावर घर मिळालं. मुलगा सुयोग पवईला नोकरीला. त्यानं हौसेनं सहा खुर्च्यांचं जेवणाचं टेबल आणलं आणि खिडक्यांना कबुतरांची जाळी ठोकून घेतली. वाटी ठेवायला जागाच उरली नाही. आबांचे गुडघे आता पाटावर बसू देत नव्हते, म्हणून तेही टेबलावर आले. समोरची खुर्ची तेवढी रोज रिकामी असायची.

२

सुरुवात झाली ती मिठावरून.

ताट वाढायची एक रीत असते. मीठ वर, मधोमध. भात जेवणाऱ्याच्या पुढ्यात. कमळनं चाळीस वर्षांत त्यात चूक केली नव्हती. एका मंगळवारी ती आमटी घेऊन स्वयंपाकघरातून आली तर आबांच्या ताटातलं मीठ त्यांच्या पोटाशी होतं आणि भात पलीकडे. ताट फिरलेलं होतं.

"आबा, हे काय? उलटं झालं ना." तिनं ताट सरळ केलं. वय झालं, नजर अधू, लागला असेल हात. ती पाणी आणायला आत गेली आणि परत आली, तर ताट पुन्हा फिरलेलं. आबांचे दोन्ही हात मांडीवर होते.

"जेवा ना, आबा."

"माका नको. आधी तेका दी."

"कोणाला?"

म्हाताऱ्यानं मान वर केली नाही. "समोर बसलो हा तो. उपाशी माणसासमोर घास कसो उतारतलो गो?"

कमळनं समोर पाहिलं. खुर्ची, खुर्चीमागे भिंत, भिंतीवर तिच्या नवऱ्याचा, चंद्रप्रकाशचा हार घातलेला फोटो. दुसरं काही नव्हतं.

चार दिवसांत आबांचं जेवण दोन घासांवर आलं, मग नुसत्या चहावर. डॉक्टर नमिता घरी येऊन तपासून गेली. "या वयात होतात असे भास, काकी. पण पोटात गेलं पाहिजे. सोमवारपर्यंत बघू, नाहीतर अ‍ॅडमिट करून नाकातून नळी घालावी लागेल."

 तीन वर्षांपूर्वी चंद्रप्रकाश हॉस्पिटलात नळीवरच गेला. एकोणीस दिवस. तेव्हा त्या कॉरिडॉरमध्ये आबांनी तिचा हात धरून वचन घेतलं होतं, माका असा नळीवर ठेवू नको. आणि तिनं दिलं होतं. सुयोग म्हणाला, "आई, वचनबिचन ठीक आहे गं, पण उपाशी मरू द्यायचं का त्यांना?" त्याचंही चूक नव्हतं. पोराचे डोळे भरले होते.

म्हणजे काय, तर सोमवारच्या आत आबांच्या पोटात अन्न जायला हवं होतं. ते जबरदस्तीनं नव्हे, त्यांच्या मर्जीनं.

३

दिवसा घरात ती आणि आबा दोघंच. बरोबर एकला ती ताट वाढायची आणि बरोबर एकला समोरची खुर्ची वीतभर मागे सरकलेली असायची.

कमळ काही भित्री बाई नव्हती. नवऱ्याची मिल बंद पडली तेव्हा तिनं डबे करून घर चालवलं होतं. तिनं खुर्ची आत ढकलली, आत जाऊन भात उतरवला, बाहेर आली. खुर्ची मागे. फरशीला उतार असेल. तिनं टोपलीतलं लिंबू घेतलं आणि फरशीवर ठेवलं. लिंबू जागचं हललं नाही. रुचिरानं येता-जाता ओढली असेल. पण आज रविवार होता आणि सुयोग-रुचिरा दोघंही तिच्या माहेरी बोरिवलीला गेले होते.

तिनं पंखा बंद केला आणि कान देऊन उभी राहिली. खालून कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. ती थांबल्यावर तिला आवंढा गिळल्याचा आवाज आला. कोरडा, मोठा. भरल्या ताटाकडे बघत कोणी घोट गिळावा तसा.

तिनं आबांकडे पाहिलं. ते ओठ मिटून, डोळे मिटून बसले होते. कंठमणी हलत नव्हता.

पुन्हा आवाज आला. आता तिला कळलं की तो टेबलाच्या पलीकडून येतोय. पाइपातलं पाणी, ती स्वतःला म्हणाली. वरच्यांनी बेसिन सोडलं असेल. पण तिच्या दंडावरचा काटा काही केल्या बसेना.

४

आता इथे कमळनं जे केलं ते दुसऱ्या कोणी केलं नसतं. दुसऱ्या कोणी रामरक्षा लावली असती, नाहीतर सुयोगला फोन केला असता. कमळच्या डोक्यात एकच आलं: घरात कोणीतरी उपाशी बसलंय आणि आपण पाच दिवस त्याच्या नाकासमोरून ताट नेतोय. भास असेल तर भासाला वाढू. काय बिघडतंय?

तिनं मोठं ताट काढलं. भाताची मूद, वर तूप, डाळ, बांगड्याचं तिखलं, सोलकढी. मीठ वर, भात पुढ्यात. रिकाम्या खुर्चीपुढे ताट ठेवलं आणि तिच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "पोटभर जेवा हां. लाजायचं नाही."

आबांना बसल्या बसल्या डुलकी लागली होती.

आधी काही झालं नाही. मग मुदीच्या मधोमध खळगा पडला. तिच्या डोळ्यांदेखत. आत चार बोटं रुतावीत एवढा. तूप त्यात उतरलं. मग भाताचा डोंगर भराभर खचायला लागला, शितं टेबलावर सांडायला लागली, आणि तो गिळण्याचा आवाज, एकावर एक, श्वास न घेता. कमळ दोन पावलं मागे सरली होती, पण खरं सांगायचं तर तिला आनंदही झाला होता. जेवतोय ना बिचारा! ताट रिकामं होत आलं तशी ती पुढे झाली आणि तिनं आणखी एक डाव वाढला.

"घ्या. आणखी घ्या."

आबांनी डोळे उघडले.

त्यांनी ताट पाहिलं, डाव पाहिला आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो कमळनं जन्मात कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता. त्याच वेळी टेबलापलीकडे कोणी तरी उबळ आल्यासारखं कण्हलं. टेबल हललं. खुर्ची मागच्या मागे भिंतीवर आदळून आडवी झाली आणि फरशीवर टाचा घासल्याचा आवाज आला, आधी जोरात, मग हळू, मग नाही.

"परत मारलंस गो तेका!" आबा रडत होते. "परत मारलंस!"

५

ऐंशी वर्षं जे सांगितलं नाही ते त्यांनी त्या दुपारी सांगितलं. आडवी खुर्ची तशीच होती. तिला हात लावायचं धाडस कमळला झालं नाही.

जावातली ती जपान्यांची छावणी. जपान शरण आलेलं. आत गोरे लोक, डच, साडेतीन वर्षं बांबूच्या कुंपणात कोंडलेले. पलटण फाटकातून आत गेली तेव्हा कोणी ओरडलं नाही, धावत आलं नाही. त्यांना धावताच येत नव्हतं. ते नुसते उभे राहून सैनिकांच्या पिशव्यांकडे बघत होते. एकोणीस वर्षांचा सहदेव कोकणातल्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकून होता, पण कातड्याखाली माणसाची हाडं मोजता येतात हे त्यानं पहिल्यांदा पाहिलं.

डॉक्टर साहेबाचा हुकूम हवालदारानं येऊन सांगितला: तीन दिवस फक्त पेजेची निवळ. तीही चमच्यानं, थांबून थांबून. दुसरं काही दिलं तर खबरदार.

"माका वाटला, साहेबाक उपाशी माणसाचा काय कळता?" आबा म्हणाले. "पाव्हण्याक पेजेचा पाणी कोण वाढता गो? माझी आय काय म्हणात?"

लंगरात तांदूळ होता, डाळ होती, तुपाचे डबे होते. मागच्या पडवीत नऊ जण बसले होते. पोरानं कोणाला न विचारता केळीची पानं कापली, नऊ पानं मांडली आणि आईनं शिकवलं होतं तसं वाढलं. मीठ वर, भात पुढ्यात, त्यावर तूप. त्यांतला एक ताडमाड उंच माणूस, चष्म्याची एक काच नसलेला, पानावरच्या मिठाकडे बोट दाखवून हसला. हे कशाला, असं विचारत असावा. मग ते जेवले. "बास" कोणीच म्हणालं नाही, आणि म्हणाले असते तरी सहदेवनं ऐकलं नसतं. लढाईत तेवढा सुखी तो कधीच झाला नव्हता.

दिवेलागणीपर्यंत चौघं गेले. पोट धरून, टाचा घासत. दुसऱ्या दुपारपर्यंत उरलेले. उंच माणूस सर्वांत शेवटी गेला. त्यानं सहदेवचं मनगट धरून ठेवलं होतं आणि तो सोडायला तयार नव्हता. हवालदारानं कागदावर अशक्तपणा लिहिलं. सहदेवला कोणी एक शब्द बोललं नाही.

"उपाशी रवान जगले, आणि माझ्या हातचा जेवान मेले." आबांनी पंच्यानं डोळे पुसले. "तुझ्या सासूक म्हायत होता. वाटी ठेवी ती तेंकाच."

कमळनं जाळी मारलेल्या खिडकीकडे पाहिलं. तिला स्वतःचा राग आला, सुयोगच्या जाळीचा आला, आणि या म्हाताऱ्याची दया आली. एवढी वर्षं आपण त्याला तऱ्हेवाईक म्हणत होतो.

६

सोमवारी सुयोगनं जाताना सांगितलं, संध्याकाळी गाडी बोलावतो. कमळ बरं म्हणाली आणि उकडे तांदूळ धुवायला घेतले.

पेज रटरट शिजू दिली. वरची निवळ काढली, कोमट केली, चिमूटभर मीठ घातलं. खुर्ची तिनं सकाळीच सरळ केली होती. एक वाजता वाटी-चमचा घेऊन ती टेबलाशी आली. खुर्ची मागे सरकलेली होती.

"जास्त भरू नको," आबा म्हणाले. "अर्धो चमचो. मगे थांब. पोटात जाऊ दी."

तिनं अर्धा चमचा भरला आणि रिकाम्या जागेत, तोंड असावं अशा उंचीवर धरला. दोन थेंब टेबलावर पडले. तिला हसूही आलं, आपण काय करतोय म्हणून. मग चमच्यावर हलकासा भार आला. दातांवर धातू वाजला. चमचा परत आला तेव्हा पुसल्यासारखा कोरडा होता.

"थांब," आबा म्हणाले.

ती थांबली. समोरून कळवळल्यासारखा श्वास येत होता, लवकर दे, लवकर दे. तिच्या हाताची सवय सगळी उफाळून आली. एक पूर्ण चमचा भरला तर काय होणार आहे? तिनं ओठ चावून धरले आणि मनात वीस आकडे मोजले. मग दुसरा अर्धा चमचा. पुन्हा वीस. आयुष्यात पहिल्यांदा ती कोणाला कमी वाढत होती आणि ते किती कठीण असतं हे तिला तेव्हा समजलं.

वाटी संपायला पाऊण तास लागला. शेवटच्या चमच्याला तिच्या मनगटाभोवती काहीतरी गार आलं. पाच बोटं. नुसती हाडं, वर कातडं, शेवग्याच्या शेंगांसारखी. दिसत काही नव्हतं. फक्त तिच्या बांगड्या मनगटावर दाबल्या गेल्या होत्या आणि कातडीवर पाच खळगे पडले होते. तिला किंचाळायचं होतं. ती म्हणाली, "झालं हां. उद्या परत."

बोटं सुटली. आबांनी स्वतःचं ताट जवळ ओढलं. मीठ वर होतं, भात पुढ्यात.

"आमटी वाढ," ते म्हणाले. "भूक लागली माका."

संध्याकाळची गाडी सुयोगनं परत पाठवली.

७

रोज एक, असे नऊ दिवस गेले. रोजचा श्वास वेगळा, रोजचा हात वेगळा. आबा पहिल्यासारखे जेवायला लागले, वजन वाढलं, नमिता डॉक्टर म्हणाली, "काकी, कमाल केलीत." नवव्या दिवशी आबांनी सुटकेचा श्वास टाकला. "झाले गो. सगळे झाले." त्या दुपारी ते शांत झोपले आणि कमळनं देवापुढे साखर ठेवली.

दहाव्या दिवशी एकला खुर्ची मागे सरकलेली होती. आबांचं ताट फिरलेलं होतं.

आबांनी खुर्चीकडे निरखून पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "ह्यो माझ्यातलो न्हय."

"मग कोण आहे?"

"दुसऱ्या बराकीतलो असतलो. तेंका कळला, हंय पेज गावता."

तिनं त्यालाही भरवलं. न भरवून करणार काय, आबा समोर ताट धरून थांबले होते.

अकराव्या दिवशी तांदूळ संपले. पाऊण वाजता ती खालच्या दुकानातून पाच किलो उकड्या तांदळाची पिशवी घेऊन लिफ्टशी आली. आठ माणसांची लिफ्ट, रिकामी. तिनं आत पाऊल टाकलं आणि वजन जास्त झाल्याचा भोंगा वाजायला लागला. लाल दिवा लागला. ती बाहेर आली, भोंगा बंद. पिशवी बाहेर ठेवून ती एकटी आत गेली. पुन्हा भोंगा.

"काय मावशी, एकट्या एवढ्या जड झालात काय?" वॉचमन देवव्रत खुर्चीवरून हसला.

कमळ हसली नाही. हाडांची माणसं ती. आठ काय, पंधरा असती तरी लिफ्ट ओरडली नसती. तिची नजर लिफ्टमधल्या आरशाकडे गेली. आरशात ती एकटीच होती. पण काचेवर वाफेचे ठिपके उमटत होते आणि विरत होते, एक तिच्या डोक्याहून वर, एक छातीशी, एक पार खाली, आणि त्यांच्या मधे, शेजारी, कडेपर्यंत, जिथे नजर जाईल तिथे. सगळे एकदमच श्वास घेत होते. सगळ्यांना बाहेरच्या तांदळाच्या पिशवीचा वास लागला होता.

पळून जावं असं तिला वाटलं, खोटं कशाला सांगा. रस्त्यावर रिक्षा होती. सुयोगला फोन करता आला असता. पण वर आबा टेबलाशी बसले होते. हे सगळे वर पोहोचले आणि भरवायला कोणी नसलं, तर म्हातारा पुन्हा घास उचलणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

ती लिफ्टच्या बाहेर आली, वाकली आणि देवव्रतला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. पण आबांच्या ताटाला कोणी हात लावायचा नाही. एकेकालाच देणार, चमच्यानं. मी जिन्यानं आलेच."

दार मिटलं. वरचा आकडा एक, दोन, तीन करत सहावर जाऊन थांबला.

कमळनं पिशवी काखेत मारली आणि चढायला लागली. पहिला मजला ठीक गेला. दुसऱ्यावर वळली आणि तिचा पाय अडखळला. पायऱ्या रिकाम्या होत्या, लखलखीत ऊन पडलं होतं, तरी पाऊल ठेवायला जागा सापडत नव्हती. तिनं पदर आवरला, अंग चोरलं आणि गुडघ्यांना घासणाऱ्या गार गुडघ्यांमधून वाट काढत ती एकेक पायरी वर जायला लागली.

"पुरेल," ती म्हणत होती, प्रत्येक पायरीवर थांबून, ज्याच्या त्याच्याकडे बघत असल्यासारखी. "सगळ्यांना पुरेल हां. हळूहळू."